नर्सिंगची तयारी: आधी तहसीलचं दप्तर, मग पोरीचं

माझी भाची गेल्या वर्षी बी.एस्सी. नर्सिंगला लागली. मी मिरजेत एका दवाखान्यात सिस्टर आहे, म्हणून भावानं सगळा भार माझ्यावर टाकला आणि तो द्राक्षबागेच्या छाटणीला मोकळा झाला. तेव्हापासून गावाकडनं फोन येतात, "ताई, पोरीला नर्सिंगला घालायचंय, काय काय लागतं?" प्रत्येकीला तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून काढते. यादी तारखेप्रमाणे लावलेली नाही. जे काम दुसऱ्याच्या टेबलावर जास्त दिवस पडून राहतं ते वर, आणि जे आपल्या हातात आहे ते खाली. अभ्यास त्यामुळे खाली गेलाय, राग धरू नका.

सगळ्यात वर जात पडताळणी. जातीचा दाखला वेगळा आणि पडताळणीचं प्रमाणपत्र वेगळं, हे अजून निम्म्या घरांना माहीत नसतं. दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो, पडताळणीचं प्रमाणपत्र, म्हणजेच 'व्हॅलिडिटी', जिल्ह्याच्या समितीकडून. राखीव जागेवर प्रवेश हवा असेल तर ती लागतेच. पोरगी अकरावी सायन्सला गेली की त्याच वर्षी कॉलेजच्या प्राचार्यांच्या सही-शिक्क्याचं पत्र घेऊन ऑनलाइन अर्ज भरा. बारावीच्या निकालानंतर धावणारे शेकड्यानं असतात आणि समितीचं ऑफिस एकच असतं.

यात खरी मेहनत पुराव्याची. ओबीसी असाल तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, भटक्या-विमुक्तांत असाल तर २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, अनुसूचित जातीत असाल तर १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा कागद हवा, आणि त्यात जात लिहिलेली हवी. म्हणजे आजोबा किंवा पणजोबा. आजोबा शाळेत गेले असतील तर जिल्हा परिषद शाळेतून प्रवेश-निर्गम उतारा मिळतो. आमचे आबा शाळेची पायरी चढले नव्हते. मग तहसीलच्या दप्तरात कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, शोधावं लागलं, त्यात त्यांच्या थोरल्या भावाच्या जन्माची नोंद सापडली. नोंद मोडी लिपीत होती. मोडी वाचून देणारा माणूस शोधण्यात पंधरा दिवस गेले. त्यात आमच्या पणजोबांचं नाव 'रामा', बाकी सगळीकडे 'रामचंद्र'. एवढ्या एका 'चंद्र'साठी प्रतिज्ञापत्र, पोलीस पाटलाचा दाखला आणि भावाच्या तीन खेपा झाल्या. टेबलावरच्या माणसानं प्रत्येक खेपेला एकच नवा कागद सांगितला, सगळे एकदम सांगितले असते तर त्याचं काय बिघडलं असतं, देव जाणे. एक सोपी वाट मात्र आधी बघा. बापाकडच्या नात्यातल्या कुणाकडे, सख्ख्या काकाकडे किंवा आत्याकडे, व्हॅलिडिटी असेल तर ती वंशावळीसोबत जोडा. काम पुष्कळ हलकं होतं. भाऊबंदकीचा वाद असेल तर तो या कामापुरता बाजूला ठेवा.

बाकीचे दाखले सेतूत किंवा महा-ई-सेवा केंद्रात होतात. वय, अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा एकदा काढला की झाला. नॉन-क्रीमी लेयरच्या, म्हणजे राखीव प्रवर्गातलं घर उत्पन्नाच्या मर्यादेत असल्याच्या, दाखल्यावर मात्र नजर ठेवा, त्याची मुदत ३१ मार्चला संपते. जानेवारीत हौसेनं काढलेला दाखला जूनमध्ये निकामी झालेला मी पाहिलाय, म्हणून काढतानाच मुदत कुठल्या सालच्या मार्चपर्यंत आहे ते वाचा. आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्याचंही तसंच, आर्थिक वर्ष बदललं की नवा. आणि आधार, दहावीची गुणपत्रिका, शाळेचा दाखला या तिन्हींवर नाव अक्षर न् अक्षर एक आहे का ते आजच जुळवा. आधारवर 'बाई' किंवा 'ताई' चिकटलेली असते.

आता शिक्षण कुठलं घ्यायचं ते. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, आठ सेमिस्टर. त्याला बारावी सायन्स पाहिजे, भौतिक-रसायन-जीवशास्त्रात मिळून ४५ टक्के, राखीव प्रवर्गाला ४०, आणि इंग्रजी पास. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला सतरा पूर्ण हवीत. जी.एन.एम. (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) तीन वर्षांचं, कुठल्याही शाखेतून बारावी ४० टक्क्यांनी चालते. ए.एन.एम. (ऑक्झिलरी नर्सिंग अँड मिडवाइफरी) दोन वर्षांचं. कुणी म्हणतं सगळ्या शेवटी सिस्टरच. वॉर्डात तसंच दिसतं, पण पुढं फरक पडतो. एम्सच्या नॉरसेट या नर्सभरतीच्या परीक्षेला बी.एस्सी.वाली नर्सिंग कौन्सिलची नोंदणी झाली की लगेच बसू शकते, जी.एन.एम.वालीला आधी पन्नास खाटांच्या दवाखान्यात दोन वर्षांचा अनुभव लागतो. सायन्स असेल आणि मार्क बसत असतील तर बी.एस्सी.च धरा, हे माझं मत.

त्याहून आधी एक काम करा, पैसे लागत नाहीत. पोरीला वॉर्ड दाखवा. नात्यातलं कुणी ना कुणी सांगलीच्या सिव्हिलला किंवा साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात असतंच, तिला एक रात्र त्या पेशंटपाशी बसू द्या. मिरज म्हणजे सतारी आणि दवाखाने. वानलेस डॉक्टरांनी १८९४ साली इथं दवाखाना उघडला, तेव्हापासून कर्नाटकातनंही माणसं इथं येतात. त्यामुळे आमच्या भागातल्या पोरींना पांढरा ड्रेस ओळखीचा असतो, पण ड्रेसच. बेडपॅन, उलटी, रात्री तीनला ओरडणारा नातेवाईक, हे ओळखीचं नसतं. माझी भाची एक रात्र बसली, सकाळी म्हणाली, "आत्ती, वास लई येतो." मी म्हटलं, येतो, जात नाही, सवय होते. ती दोन दिवस गप्प होती. मग पुस्तकं मागितली.

परीक्षेचं आता. राज्याच्या सीईटी सेलची बी.एस्सी. नर्सिंग सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, संगणकावर होते. शंभर प्रश्न, शंभर मार्क, दीड तास. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंग कल, प्रत्येकी वीस. चुकलं तर मार्क कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. एका प्रश्नाला ५४ सेकंद येतात, हे पोरीला घड्याळ लावून दाखवा. क्लासवाले भौतिकची गणितं घोटून घेतात. मी उलट सांगते. जीवशास्त्र, इंग्रजी आणि कल मिळून साठ मार्क होतात, ते आधी पक्के करा. बारावीच्या जीवशास्त्रातले श्वसन आणि अभिसरण, नियंत्रण आणि समन्वय, मानवी आरोग्य आणि रोग हे तीन धडे ओळ न् ओळ वाचा. ते पुढं कॉलेजातही पुन्हा भेटतात, केलेली मेहनत वाया जात नाही. इंग्रजीला मराठी माध्यमाच्या पोरी घाबरतात. रोज एक उतारा आणि दहा शब्द, एवढंच दिवाळीपासून धरलं तरी पुष्कळ. कल म्हणजे तर्काचे प्रश्न आणि रुग्णाशी कसं वागाल असले प्रश्न, त्यासाठी वेगळं जाड पुस्तक घेऊ नका. सरावाच्या परीक्षा मात्र मोबाइलवर देऊ नका. माउस धरायची सवय नसलेली पोरगी पहिली दहा मिनिटं माउसशीच भांडते. गावातल्या कॉम्प्युटर क्लासात चार दिवस बसवा.

केंद्र गावापासून लांब आलं तर आदल्या रात्रीच मुक्कामाला जा. जतहून पहाटेच्या एसटीवर भरवसा ठेवून निघणं हा जुगार आहे.

फॉर्मची भानगड नीट समजून घ्या. सीईटीचा फॉर्म भरला म्हणजे प्रवेशाचा भरला असं नाही. निकालानंतर केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची नोंदणी पुन्हा, फी पुन्हा, कागद पुन्हा अपलोड, मग कॉलेजांचा पसंतीक्रम. सीईटीत चांगले मार्क पडून ही दुसरी नोंदणीच राहिली, अशी एक पोरगी आमच्या शेजारच्या गावात आहे. सांगलीचं भारती विद्यापीठ आणि कराडचं कृष्णा, ही अभिमत विद्यापीठं. त्यांची प्रक्रिया वेगळी, फॉर्म वेगळा. फॉर्म भरताना मोबाइल नंबर सेतूवाल्याचा देऊ नका, ओटीपी त्याच्याकडे आणि तो जत्रेला, असं होतं.

पसंतीक्रम भरताना कॉलेजला भारतीय परिचर्या परिषदेची आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे का, हे त्यांच्याच यादीत बघा, कॉलेजच्या फ्लेक्सवर नाही. मग विचारा, पोरींना ड्युटीला कुठल्या दवाखान्यात पाठवता? तिथं खाटा किती, भरलेल्या किती? इमारत चकाचक आणि पेशंट नाहीत, तिथं पोरगी इंजेक्शन द्यायला बाहुलीवरच शिकणार.

फीचं एक वाक्यात सांगता येत नाही, पण शासनाचा ८ जुलै २०२४ चा निर्णय माहीत असू द्या. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, मात्र प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला ती नाही, खाजगी अभिमत विद्यापीठालाही नाही. अर्ज शासनाच्या महाडीबीटी या ऑनलाइन पोर्टलवर करायचा, बँक खातं आधारला जोडलेलं ठेवायचं. हॉस्टेल आणि मेस त्यात धरू नका.

आणि बारावीचा शाळा सोडल्याचा दाखला सांभाळा. "नर्सिंगला नाही लागली तर" म्हणून आम्ही भाचीला जवळच्या एका कॉलेजात साध्या बी.एस्सी.ला घातलं आणि मूळ दाखला तिथं दिला. नंबर लागल्यावर हजर व्हायला मोजके दिवस, आणि ते कॉलेज दाखला सोडेना. वर्षाची फी भरा म्हणाले. शेवटी गावच्या एका पुढाऱ्याचा फोन गेला तेव्हा सुटला, त्याचं मला अजून वाईट वाटतं. मूळ कागद कुठंही देण्याआधी दोन्ही बाजू स्कॅन करा, झेरॉक्सचे चार संच करा, आणि परतीची अट लिहून घ्या.

हॉस्टेलच्या सामानात सेकंद काटा असलेलं घड्याळ हवं, नाडी मोजायला लागतं. रबरी तळाचे बूट, आवाज न करणारे. सोन्याचं काही नको.

शेवटचं काम खरं तर वरून दुसऱ्या नंबरावर हवं होतं, कारण तेही आपल्या हातात नाही, दिवसांच्या हातात आहे. हिपॅटायटिस बीची, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीची लस. तीन डोस असतात, पहिला, मग एक महिन्यानं, मग सहाव्या महिन्यात. आधी आईनं जपलेलं लसीकरणाचं कार्ड शोधा. त्यात नोंद नसेल तर वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला काढायला जाल तेव्हा डॉक्टरांना विचारून त्याच दिवशी पहिला डोस घ्या. भाचीचा आम्ही प्रवेश झाल्यावर घेतला. तिसरा डोस आता पुढच्या महिन्यात आहे, आणि ती वॉर्डात सुई हातात धरायला लागलीसुद्धा.