जुन्या चार सिलिंडरच्या इंजिनाची ताकद वाढवताना

जुन्या चार सिलिंडरच्या इंजिनाची अश्वशक्ती वाढवायची असेल, तर मोठा कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) बसवण्याआधी चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना आत तयार होणारा दाब, तपासावे, असे माझे ठाम मत आहे. माझ्या इंजिनात ते चारही ठिकाणी समान भरले, म्हणजे सिलिंडर ठीक होते, म्हणून पुढच्या कामासाठी मी हेड (सिलिंडरांवरचे झाकण) उतरवले. तेव्हा इनटेक मॅनिफोल्डचे (कार्बोरेटरकडून हेडपर्यंत मिश्रण नेणाऱ्या नळ्यांचे) गॅस्केट, म्हणजे सांध्यातली सीलपट्टी, हेडमधल्या पोर्टच्या (मिश्रण आत जाण्याच्या वाटेच्या) तोंडात नखभर पुढे आलेले दिसले. ते कापून मॅनिफोल्डची आणि हेडची तोंडे घासून एकमेकांशी तंतोतंत जुळवली. त्या काळच्या कमी ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी सुमारे ७:१ ठेवलेले कॉम्प्रेशन गुणोत्तर (सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण), व्हॉल्व्ह पिस्टनला लागणार नाहीत याची आधी खात्री करून, हेडचा पृष्ठभाग मशीनवर घासून घेऊन ८.५:१ पर्यंत नेले. त्यानंतर इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) नव्याने लावले आणि कार्बोरेटरचा मुख्य जेट (पेट्रोल सोडणारे छिद्र) किंचित मोठा घातला. आता स्पार्क प्लगवर फिकट तपकिरी रंग येतो, म्हणजे मिश्रण योग्य आहे, आणि चढावर गिअर न बदलता गाडी ओढते.