कौशल्य तक्ता मांडण्यापूर्वीची तयारी, आणि पाळीचा रकाना

मागच्या वेळी मी तयार केलेला कौशल्य तक्ता, म्हणजे कोणाला कोणते काम किती येते ते दाखवणारा तक्ता, ऑडिटमध्ये एकही शेरा न येता पार पडला आणि त्यानंतर तिसऱ्याच आठवड्यात रात्रपाळीत उघडा पडला. हार्डनेस (धातूचा कठीणपणा) तपासणीसमोर तीन नावे होती आणि तिघेही ते काम कोणाच्याही मदतीशिवाय करणारे होते; पण तिघेही दिवसपाळीचे होते, आणि तक्त्यात पाळीचा रकानाच नव्हता. त्या रात्री तपासणीला उभ्या केलेल्या मुलाने भट्टीतून आलेल्या नगांवरची स्केल (उष्णतेने जमलेला ऑक्साइडचा थर) न घासताच रॉकवेल या कठीणपणा मोजण्याच्या यंत्रावर वाचन घेतले, साहजिकच आकडे कमी आले, आणि अख्खा लॉट पुन्हा हार्डनिंगला गेला. सकाळी त्यातले बरेच नग वाकलेले निघाले. चूक त्या मुलाची नव्हती, माझ्या तक्त्याची होती. म्हणून तयारीच्या यादीतली पहिली सूचना बाकी काहीही लिहिण्याआधी देतो: नावाशेजारचा पहिला रकाना पाळीचा ठेवावा.

व्याप्ती लहान ठेवावी. एक लाईन किंवा एक विभाग पुरेसा आहे. संपूर्ण कारखान्याचा तक्ता एकदम करायला घेणाऱ्यांचा तक्ता सहसा अर्धवटच राहतो.

त्यानंतर कामांची यादी करावी, आणि ती पदनामांवरून मुळीच करू नये. ‘सीएनसी ऑपरेटर’ हे कौशल्य नव्हे, तो हुद्दा आहे. प्रक्रियेचा प्रवाह आणि कंट्रोल प्लॅन (कोणत्या टप्प्यावर काय आणि कसे तपासायचे तो कागद) समोर घेऊन, प्रत्येक टप्प्यावर माणसाच्या हाताने किंवा निर्णयाने काय घडते ते लिहावे: जॉब लावणे, टूल बदलल्यावर ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) देणे, पहिल्या नगाची मंजुरी, गेजचा (माप तपासण्याच्या साधनाचा) वापर, रिवर्क (सदोष नगाची दुरुस्ती), आणि यंत्र अचानक बंद पडल्यानंतर ते पुन्हा सुरू करणे. यातील शेवटची दोन कामे हमखास सुटतात, कारण ती रोज उठून करावी लागत नाहीत. नेमकी तीच कामे रात्री, सुपरवायझर दुसऱ्या टोकाला असताना, अंगावर येतात. यादी लांबली तर ज्या कामात चूक झाली असता ती पुढच्या तपासणीत पकडली जाणार नाही, ती कामे आधी घ्यावीत. झाडलोटीसाठी रकाना नको.

नावांच्या यादीत कंत्राटी कामगार आणि बदली कामगार धरावेत, हे सांगायला नको. पाळीबद्दल मात्र पुन्हा सांगतो, कारण इथेच मी चुकलो होतो. पाळ्या आठवड्याने फिरत असतील आणि पूर्ण गट एकत्र फिरत असेल, तर पाळीऐवजी गटाचे नाव लिहावे. माणसे सुटी सुटी फिरत असतील किंवा आपसांत पाळी बदलून घेत असतील, तर तक्ता हजेरीच्या वेळापत्रकाशी जोडल्याशिवाय त्याचा काहीही उपयोग नाही. ‘पाळी तर सगळ्यांनाच माहीत असते’ असे मला सांगण्यात आले होते आणि मी ते ऐकून घेतले होते.

पातळ्या चार पुरतात: शिकत आहे, देखरेखीखाली करतो, स्वतंत्रपणे करतो, दुसऱ्याला शिकवू शकतो. काही ठिकाणी यासाठी आय, एल, यू आणि ओ ही अक्षरे वापरतात, काही ठिकाणी पाव-पाव भरत जाणारे वर्तुळ काढतात. खूण कोणतीही चालेल. महत्त्वाचे आहे ते पातळीचे निकष आधी लिहून ठेवणे, आणि तेही डोळ्यांनी पाहता येतील अशा शब्दांत. ‘चांगले ज्ञान आहे’ हा निकष होऊ शकत नाही. ‘पृष्ठभाग घासून, प्रमाणित (ठरलेल्या कठीणपणाच्या) ब्लॉकवर यंत्र पडताळून, रॉकवेलची योग्य मोजपट्टी निवडून सलग पाच नगांचे वाचन बरोबर घेतो, आणि वाचन मर्यादेबाहेर गेल्यास काय करायचे ते न विचारता सांगतो’ हा निकष आहे. निकष लिहिण्याचा कंटाळा केला, तर प्रत्येक सुपरवायझर आपापल्या स्वभावाप्रमाणे गुण देतो आणि उदार सुपरवायझरचा विभाग कागदावर सर्वांत कुशल ठरतो.

मूल्यांकन यंत्रापाशी उभे राहून करावे. टेबलावर बसून, नावे वाचत वाचत भरलेले तक्ते मी पाहिले आहेत. पहिला तर मीच भरला होता. आणि मूल्यांकन करणाऱ्याने रात्रपाळीला प्रत्यक्ष जावे. रात्रीच्या माणसाला चाचणीसाठी दिवसा बोलावले, की त्याच्या आजूबाजूला मदतीला चौघे असतात आणि तो जे रात्री एकट्याने करतो ते कधीच दिसत नाही.

आता आवश्यक संख्या. प्रत्येक कामासमोर किमान किती माणसे हवीत हा आकडा लिहावा, पण विभागाला धरून नव्हे, पाळीला धरून. विभागाला तीन हवेत आणि तीन आहेत, हेच माझे गणित होते. पाळीला दोन, म्हणजे एक रजेवर गेला तरी काम अडणार नाही, असे धरले असते तर तीन पाळ्यांना सहा लागले असते आणि उणीव पहिल्याच दिवशी लाल दिसली असती. विभागाच्या कौशल्याची टक्केवारी काढण्याच्या मोहात पडू नये; दुसऱ्या पातळीचे चौघे मिळून चौथ्या पातळीचे दोघे होत नाहीत.

गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आयएसओ ९००१ या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत कलम ७.२ आवश्यक सक्षमता ठरवायला, ती शिक्षण, प्रशिक्षण किंवा अनुभवाच्या आधारे आहे याची खात्री करायला, केलेल्या उपायांची परिणामकारकता तपासायला आणि पुरावा जपायला सांगते. तक्ता हा शब्दही त्यात नाही, आणि पाळीचा उल्लेखही नाही, म्हणून त्या कलमावर बोट ठेवून काम केले की माझ्यासारखी फसगत होते. वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ या मानकामध्ये मात्र कलम ५.३.२ स्पष्ट सांगते, की उत्पादनाच्या अनुरूपतेची जबाबदारी असलेली किंवा ती सोपवलेली व्यक्ती सर्व पाळ्यांवर हवी. हे वाक्य मी पूर्वी वाचले होते. ते तक्त्यालाही लागू पडते, हे लक्षात आले नव्हते.

प्रशिक्षणाची योजना उणिवेवरून काढावी, उपलब्ध अभ्यासक्रमांवरून नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत राबवलेल्या ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ या उपक्रमातील वेळापत्रकात कोणाला, कोणते काम, कोणत्या तारखेपर्यंत शिकवायचे एवढेच असे, आणि शिकवण्याच्या चार पायऱ्या असत: शिकणाऱ्याची तयारी, काम दाखवणे, त्याच्याकडून करून घेणे, मागाहून पाहत राहणे. अजूनही याहून जास्त काही लागत नाही. एकच भर घालतो: शिकवणारा कोणत्या पाळीत आहे ते पाहावे. शिकवणारे सगळे दिवसा आणि शिकणारा रात्री असेल, तर त्याला काही आठवडे दिवसपाळीत आणावे लागेल, आणि त्या काळात रात्री कोण, याचे उत्तर आधी हवे.

मुदतीच्या तारखा लिहाव्यात. आयएसओ ९६०६-१ या मानकानुसार वेल्डरच्या पात्रतेची पुष्टी दर सहा महिन्यांनी करावी लागते. बाकी कामांना आपणच मुदत ठरवावी. बरेच महिने न केलेले काम पुन्हा तपासावे. कार्यसूचना बदलली की संबंधित रकान्यातली पातळी खाली आणावी, कोणी नाराज झाले तरी.

राहिलेले थोडक्यात. तक्ता लाईनजवळ लावावा, कपाटात नको. तक्ता सांभाळणारा जबाबदार माणूस एकच असावा. संगणक प्रणाली नंतर घ्यावी, आधी कागदावर तीन महिने चालवून पाहावे. नोकरी सोडून गेलेल्यांची नावे त्याच दिवशी काढावीत. आणि कोणाचीही पाळी बदलण्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी तक्ता उघडावा. त्या माणसाला हलवल्यावर जुन्या पाळीत त्याच्या कामांसमोर किती नावे उरतात ते मोजावे, आणि आकडा किमान संख्येखाली जात असेल तर सही करू नये.