पणजी लांब नाही, हीच अडचण: कॉलेजला निघालेल्या धाकट्याने टाळायच्या चुका

बाबू, पुण्याला शिकायला गेलेला मुलगा पहिला महिना रडतो आणि मग रुळतो. आपल्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून पणजीला गेलेला रडत नाही, पण रुळतही नाही. घर दोन तासांवर, त्यामुळे शुक्रवारी दुपारी त्याची बॅग भरलेली असते. पहिल्या वर्षाला पोरं जे घोळ घालतात, त्यातले निम्मे या "घर काय, जवळच आहे" मधूनच निघतात.

शुक्रवारची बस

हजेरी 75 टक्के लागते, हे सगळ्यांना पाठ असतं. हिशोब मात्र कोणी करत नाही. चार क्रेडिटचा विषय म्हणजे सत्रात 60 तास. त्यातले 45 भरले पाहिजेत, म्हणजे चुकवायला मिळाले 15. ऐकायला भरपूर वाटतात. आता वेळापत्रक समोर ठेव. त्या विषयाचे आठवड्याला चार तास, एक सोमवारी पहिला, एक शुक्रवारी शेवटचा. शुक्रवारी बस गाठायची म्हणून शेवटचा सोडलास, सोमवारी वाळपईहून, आपल्या तालुक्याच्या गावाहून, येता येता पहिला बुडाला, की आठव्या आठवड्यात पंधराच्या पंधरा संपले. मधल्या दिवशी तू पहिल्या बाकावर बसून वही भरत असलास तरी हजेरी 50 टक्क्यांवरच. सरांनी कमी हजेरीची यादी लावली की "मी तर रोज येतो" असं म्हणणारी पोरं असतात, ती खोटं बोलत नसतात. त्यांचे फक्त तेच दोन तास गेलेले असतात.

तेव्हा घरी जायचंच तर शनिवारी सकाळी जा, आणि पंधरा दिवसांतून एकदा जा. रविवारी परतताना उजेड असतानाच नीघ. रविवारी खाजगी बसगाड्या कमी धावतात आणि काळोख पडल्यावर आतल्या गावांच्या बसचा भरवसा नसतो. कदंबचा, म्हणजे सरकारी बसचा, विद्यार्थी पास काढून ठेव, सवलत चांगली आहे. चवथीला, म्हणजे गणपतीला, मात्र यायचंच. माटोळी, म्हणजे गणपतीवर फळं-पानं टांगायची चौकट, बांधायला पपांच्या हाताखाली कोणी नको का? फक्त येताना वही बरोबर आण. सत्रातल्या अंतर्गत परीक्षा, ज्यांना सगळे आयएसए म्हणतात, त्या चवथीच्या आगेमागे पडल्या तर सुट्टीत वाचलेलंच कामाला येतं. या परीक्षांना "छोट्या" म्हणून सोडून देऊ नकोस. इथे गेलेले गुण शेवटच्या पेपरात भरून काढताना दमछाक होते.

हजेरी घसरलीच, तर यादी लागायची वाट बघू नकोस. आजारी होतास तर डॉक्टरचा दाखला बरा झाल्याच्या आठवड्यातच दे. परीक्षेच्या तोंडावर आणलेल्या दाखल्याकडे कुठलेही सर कोणत्या नजरेने बघतात, ते तुला सांगायला नको.

शनिवार-रविवार तिथे राहून करायचं काय, हा तुझा पुढचा प्रश्न. पणजीतच पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालय आहे. 1832 पासूनचं, आणि मराठी पुस्तकं भरपूर. कांपालला कला अकादमी आहे. नोव्हेंबरात इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, असतो, विद्यार्थ्यांना नोंदणी करता येते. एवढं पुरे.

खोली

तू प्रवेश घेणार ऐन पावसात, म्हणून खोलीही पावसातच बघून घे, आणि भिंतीला हात लावून बघ. कपाट पुढे ओढून मागची भिंत बघायची. तिथे काळे ठिपके असले तर सप्टेंबरपर्यंत तुझ्या चपला, पट्टा आणि बॅग यांच्यावर पांढरी बुरशी येणार हे नक्की. घरमालक म्हणेल "नवा रंग दिलाय". नवा रंग दिलाय म्हणूनच विचार, कशासाठी दिला.

दुसरी गोष्ट, मिरामार, करंजाळे, ताळगाव या पट्ट्यात जूनमध्ये स्वस्तात मिळालेली खोली डिसेंबरात पर्यटकांसाठी परत मागितली जाऊ शकते. ऐन परीक्षांच्या काळात बिऱ्हाड हलवायची पाळी नको. करार लेखी कर, मेपर्यंतचा कर, डिपॉझिटची पावती घे. भाडेकरू पडताळणीचा पोलिसांचा फॉर्म मालकाने भरला का, तेही विचार. त्याला आवडणार नाही, पण विचार.

हॉस्टेल मिळत असेल तर जेवणाची तक्रार करत का होईना, पहिलं वर्ष हॉस्टेलच घे. माझं मत विचारशील तर हेच आहे. तिथल्या आमटीला चव नसते, पण सीनिअरच्या नोट्स शेजारच्या खोलीत असतात.

वर्गात गप्प बसणं

आपण चौथीपर्यंत मराठीतून शिकलो, पाचवीपासून इंग्रजी. पुस्तक वाचायला अडत नाही, तोंड उघडायला अडतं. त्यावर आपली मुलं एक उपाय शोधतात: सत्तरी-डिचोलीची सगळी एका बाकावर. कॅन्टीनमध्येही तीच, बसमध्येही तीच. मग तीन वर्षं झाली तरी दक्षिण गोव्यातल्या सासष्टीच्या मुलाशी दोन वाक्यं होत नाहीत, कारण त्याची कोंकणी वेगळी आणि आपल्याला लाज. प्रॅक्टिकलला जोडीदार निवडायची वेळ आली की मुद्दाम अनोळखी निवड. आणि शंका वर्गात इंग्रजीत विचारवत नसेल तर तास संपल्यावर कोंकणीत किंवा मराठीत विचार. बहुतेक सर त्याच भाषेत उत्तर देतात.

स्कूटर

लायसन्स हातात येईपर्यंत नाही. अठराच्या आतल्या मुलाने गुन्हा केला तर 2019 च्या दुरुस्तीनंतर पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे पपांना. मित्राचीही चालवायची नाही.

कागद

हा भाग कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात जास्त फेऱ्या इथेच होतात. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, गुणपत्रिका, सगळ्यांच्या झेरॉक्स तुझ्याजवळ हव्यात. नाहीतर एका कागदासाठी वाळपई, आणि पुन्हा एक तास बुडाला. आपल्या गावकर आडनावाची इंग्रजी स्पेलिंगं तीन-चार तऱ्हेने लिहिली जातात. आधारवर एक आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरं असेल तर अर्ज तिथेच अडकतो. आत्ताच दोन्ही शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघ.

शिष्यवृत्ती मंजूर झाली पण पैसे आले नाहीत, ही तक्रार दरवर्षी ऐकू येते. बहुतेक वेळा पैसे आलेले असतात, दुसऱ्या खात्यात. आधारवर येणारी रक्कम तू अर्जात लिहिलेल्या खात्यात जाईलच असं नाही, ती आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. कॉलेजजवळ नवीन खातं उघडताना बँकवाल्याने आधार जोडलं की गावच्या सोसायटीशेजारच्या बँकेतलं जुनं खातं मागे पडतं, आणि आई तिकडे पासबुक भरून आणत राहते. कुठलं खातं जोडलेलं आहे ते आधारच्या संकेतस्थळावर दिसतं. अर्ज भरायच्या आधी बघ आणि आईला फोन करून बँकेचं नाव सांग.