टायरवरचे आकडे वाचताना या चुका टाळा

टायर बदलायला गेलं की दुकानदार विचारतो, "साइज काय?" आणि बरेच जण "पंधराचा" म्हणून मोकळे होतात. पंधरा इंची रिमवर कितीतरी साइजचे टायर बसतात. पंधराने फक्त रिमचा, म्हणजे टायर बसतो त्या चाकाचा, व्यास कळतो.

१८५/६५ आर १५ ८८ एच हा टायर घ्या. १८५ म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. खरी गफलत होते ती ६५ वर. हे मिलिमीटर नव्हेत, रुंदीचे टक्के आहेत. १८५ चे ६५ टक्के, म्हणजे टायरच्या भिंतीची उंची साधारण १२० मिमी. आता ग्रिप वाढावी म्हणून कोणी २०५/६५ आर १५ टाकला, तर टक्के तेच राहूनही भिंत १३३ मिमी होते आणि टायरचा व्यास ६२२ वरून ६४८ मिमीवर जातो. स्पीडोमीटरचा काटा आधी अचूक असेल, तर आता तो १०० दाखवताना गाडी १०४ ने पळत असते. शिवाय स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आत घासण्याची भीती वेगळीच.

मोठे अलॉय व्हील हवेच असतील तर १९५/५५ आर १६ चं गणित करून बघा. रिम वाढली, टक्के उतरले, व्यास ६२१. जमलं! पण या साइजमध्ये लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, बऱ्याचदा ८७ असतो, आणि तो मूळच्या ८८ पेक्षा कमी आहे. हे आकडे किलो नव्हेत, कोड आहेत: ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो, ८७ म्हणजे ५४५. कंपनीने दिलेल्यापेक्षा खाली जाऊ नका.

आर म्हणजे रेडियल, हा टायरच्या बांधणीचा प्रकार; त्रिज्या नव्हे. १५ हा रिमचा व्यास. शेवटचं एच म्हणजे ताशी २१० किमीची मर्यादा. इथे अक्षरांचा क्रम लावायला जाऊ नका, कारण एच हा टी (१९०) आणि यू (२००) यांच्याही वरचा आहे.

टायरवर हवेचा कमाल दाब ४४ किंवा ५१ पीएसआय असा छापलेला असतो. ते वाचून तेवढी हवा भरणारे भेटतात! गाडीत किती हवा भरायची तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो, आणि तो थंड टायरसाठी असतो.

भरघोस डिस्काउंट मिळत असेल तर तारीख बघा. टायरच्या भिंतीवर डीओटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडच्या शेवटी २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. एका बाजूला हे चार आकडे दिसले नाहीत तर टायर उलटा करून बघा, आणि तेही रिमवर चढवण्याआधी.