कपड्याच्या दुकानाचा विमा: रक्कम ठरवण्यापासून क्लेम हातात पडेपर्यंत

कापड दुकानाचा क्लेम दोनच ठिकाणी अडतो. पॉलिसीवर लिहिलेली रक्कम दुकानातल्या मालापेक्षा बरीच कमी असते, किंवा एवढा माल खरोखर होता हे वह्यांवरून दाखवता येत नाही. ही दोन्ही कामं आग लागण्याच्या आधी करायची आहेत. नंतर त्यांचा उपयोग नाही.

दुकानावर कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावर ठरावीक लिमिटपर्यंत उचलता येणारं बँकेचं कर्ज, असेल तर पहिलं काम बँकेत जाऊन पॉलिसीची पूर्ण प्रत मागण्याचं. कित्येक दुकानदारांच्या खात्यातून दरवर्षी प्रीमियम कापला जातो आणि पॉलिसी मात्र त्यांनी कधी पाहिलेली नसते. त्या प्रतीत तीन गोष्टी तपासा. एक, पत्ता. दुकान हलवून तीन वर्षं झाली तरी पॉलिसीवर जुनाच गाळा नंबर असू शकतो, आणि विमा असतो तो पत्त्यावरच्या मालाचा. दोन, रक्कम. बँक अनेकदा आपल्या कर्जाएवढीच रक्कम घालते. कर्ज २० लाखांचं आणि माल ४५ लाखांचा असेल तर बँक सुरक्षित राहते, तुम्ही नाही. तीन, पॉलिसी फक्त आगीची आहे की घरफोडीचीही. बँकेला हवी ती आगीची असते, म्हणून पुष्कळदा तेवढीच निघालेली असते.

कोणती पॉलिसी

एका ठिकाणी असलेल्या मालमत्तेची एकूण किंमत ५ कोटींपर्यंत असेल तर ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी लागू पडते. विमा नियामकाने ती १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना द्यायला लावली. ५ कोटींच्या वर, ५० कोटींपर्यंत ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’. कंपन्या ‘शॉपकीपर’ नावाने जे पॅकेज विकतात त्यात आगीचा भाग बहुधा हाच असतो आणि घरफोडी, गल्ला, काच, पाटी हे भाग त्याला जोडलेले असतात. पॅकेज घेतलं म्हणजे सगळं आलं असं समजू नका. ज्या भागापुढे रक्कम लिहिलेली नाही तो भाग घेतलेला नाही.

सूक्ष्म उद्यम पॉलिसीत आग, वीज पडणं, स्फोट, भूकंप, वादळ, पूर, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं हे धरलेलं आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं तसला पूर यात येतो. स्लॅबमधून महिनोन्‌महिने झिरपणारी ओल, बुरशी, कसर, उंदीर हे येत नाही. शॉर्ट सर्किटने आग लागून माल जळला तर मालाचे पैसे मिळतात. ज्या एसीत शॉर्ट सर्किट झालं त्या एसीचे मात्र या भागातून मिळत नाहीत. चोरीचा उल्लेख या पॉलिसीतही आहे, पण तो आग, पूर वगैरे घटनेमुळे आणि तिच्यानंतर ७ दिवसांच्या आत झालेल्या चोरीपुरता. एरवी शटर फोडून झालेल्या चोरीला घरफोडीचा भाग वेगळा लागतो.

रक्कम किती घालायची

मालाची किंमत म्हणजे दुकानात पोचेपर्यंत पडलेली किंमत: खरेदी, भाडं, हमाली. टॅगवरची एमआरपी नाही, विक्रीची किंमतही नाही. ४०० ला घेतलेला कुर्ता ९९९ ला विकत असाल तरी विमा ४०० अधिक खर्चाचाच. एमआरपीने रक्कम घातली तर प्रीमियम जास्त जातो आणि क्लेम खरेदीच्याच भावाने मिळतो.

जीएसटीचा मुद्दा बरेच एजंट सांगत नाहीत. माल जळाला, चोरीला गेला किंवा नष्ट झाला की त्यावर घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, परत करावं लागतं. कायद्याच्या कलम १७(५)(एच) मध्ये ते आहे. म्हणजे एरवी वजावट मिळणारा कर त्या दिवशी तुमचा खर्च होतो. सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के आणि त्यावरच्या कपड्यावर १८ टक्के कर आहे. शेरवानी, घागरा, ब्लेझर ठेवणाऱ्या दुकानात ही रक्कम लाखांत जाते. म्हणून विम्याची रक्कम ठरवताना कर धरून ठरवा, ‘स्टॉकची रक्कम जीएसटीसह’ असं पॉलिसीत लिहून घ्या आणि क्लेमच्या वेळी क्रेडिट परत केल्याचा पुरावा द्या. क्रेडिट परत न करता कर मागितला तर सर्व्हेअर, म्हणजे नुकसान मोजायला कंपनीने नेमलेला माणूस, तो कापणारच.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. समजा एरवी तुमच्या दुकानात २८ लाखांचा माल असतो आणि तेवढीच रक्कम पॉलिसीवर आहे. दसरा-दिवाळीसाठी सुरतेहून गाठी आल्या, माल ४५ लाखांवर गेला आणि मागच्या रॅकना आग लागून १२ लाखांचं नुकसान झालं. १२ लाख हे २८ पेक्षा कमी आहेत, तेव्हा पूर्ण मिळतील असं वाटतं. हिशेब असा होतो: १२ लाख गुणिले २८ भागिले ४५, म्हणजे जवळपास ७ लाख ४७ हजार. उरलेले साडेचार लाख तुमच्या खिशातून. माल ४५ चा असताना २८ चाच विमा काढलात, तर उरलेल्या भागाची विमा कंपनी तुम्ही स्वतःच, असं हे कलम आहे. सूक्ष्म उद्यम पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते. ४५ लाखांच्या मालाला निदान ३८ लाख २५ हजारांचा विमा असता, तर हा पूर्ण क्लेम बसला असता. प्रत्येक क्लेममध्ये तुम्हीच सोसायची ठरलेली रक्कम आणि खराब होऊन उरलेल्या मालाची किंमत, म्हणजे भंगारमूल्य, तेवढं वजा होतं.

यावर उपाय दोन. वर्षभर सर्वांत जास्त माल ज्या महिन्यात असतो त्याची रक्कम घाला. ते जड जात असेल तर सप्टेंबरमध्ये आणि पुन्हा लग्नसराईच्या आधी रक्कम वाढवून घ्या. उरलेल्या महिन्यांचाच जादा प्रीमियम पडतो. गाठी उतरल्यावर नव्हे, ऑर्डर दिली की लगेच फोन करा, कारण प्रीमियम जमा झाल्याशिवाय वाढीव रक्कम लागू होत नाही. मोठा आणि सतत खालीवर होणारा साठा असेल तर महिन्याला स्टॉक कळवायची ‘डिक्लेरेशन’ पद्धत मिळते का ते विचारा. पण दर महिन्याला न चुकता कळवणारा माणूस दुकानात असेल तरच. नसेल तर ती घेऊ नका.

मालाखेरीज फर्निचर वेगळं लिहा. गाळा भाड्याचा असला तरी आतलं पीओपी, काउंटर, रॅक, लाइटिंग, एसी तुमचंच. त्याची रक्कम आज नवीन करायला जो खर्च येईल त्या भावाने घाला, दहा वर्षांपूर्वीच्या सुताराच्या बिलाने नाही.

पत्त्यांची यादी करा: दुकान, पोटमाळा, तळघर, गल्लीतलं गोदाम, घरातली खोली जिथे ऑफ-सीझनचे स्वेटर पडलेले असतात. प्रत्येक जागा पॉलिसीत नावानिशी हवी. माल दुकानातून गोदामात रोज जात-येत असेल तर दोन्ही पत्त्यांवर मिळून एक रक्कम, म्हणजे ‘फ्लोटर’ घ्या. तळघराबद्दल कंपनीची अट लेखी विचारा. माल जमिनीपासून उंचावर ठेवण्याची अट असेल तर ती पाळली होती का, हे पुरानंतर पाहिलं जातं. जांगड माल, म्हणजे विकला तर पैसे या बोलीवर आणलेल्या साड्या, तुमच्या मालकीचा नसतो. तो ‘विश्वासाने ठेवलेला माल’ म्हणून स्वतंत्र नोंदवा, नाहीतर व्यापारी पैसे मागतो आणि कंपनी देत नाही.

अर्जात धंद्याचं वर्णन खरं लिहा. मागे शिलाई आणि इस्त्री चालत असेल, गाळा जुन्या लाकडी वाड्यात असेल, तर ते सांगा. दिवाळीत पायरीवर फटाक्यांचा स्टॉल लावू देणाऱ्यांनी त्या आठवड्याचं भाडं आणि अख्ख्या दुकानाचा विमा यांची एकदा तुलना करावी.

चोरी, गल्ला आणि बाकीचं

घरफोडीच्या भागात आत शिरताना किंवा बाहेर पडताना केलेल्या जबरदस्तीची खूण लागते: तुटलेलं कुलूप, वाकलेलं शटर, कापलेलं ग्रिल. गिऱ्हाइकाने पदराखालून नेलेली साडी, ट्रायल रूममधून अंगावर चढवून नेलेला शर्ट, वर्षअखेरीच्या मोजणीत कमी आलेले नग, यांना विमा नाही. नोकराने लांबवलेल्या मालासाठी ‘फिडेलिटी’ हा वेगळा भाग आहे. सगळा माल एका रात्रीत कुणी नेत नाही, म्हणून घरफोडीला एकूण मालाच्या काही टक्क्यांवर विमा घेता येतो. त्यात प्रीमियम वाचतो, पण एकूण मालाचा आकडा मात्र खराच द्यावा लागतो.

गल्ल्याची रोकड रात्री ड्रॉवरमध्ये राहिली तर बहुतेक पॉलिसी ती धरत नाहीत. ती कुलूपबंद तिजोरीत हवी आणि किल्ली दुकानाबाहेर. दुकान सलग बंद राहणार असेल तर किती दिवसांनी संरक्षण थांबतं ते पाहून आधी कळवा. घरफोडीच्या भागात हे दिवस आगीच्या भागापेक्षा बरेच कमी असू शकतात. दर्शनी काच आणि पाटी यांचा भाग स्वस्त असतो, घ्यावा. पुतळा पडून गिऱ्हाइकाला लागलं तर त्यासाठी सार्वजनिक दायित्वाचा भाग लागतो.

वाटेतला माल

सुरत, इचलकरंजी, उल्हासनगरहून निघालेला माल दुकानाच्या पॉलिसीत नसतो. दुकानात उतरल्यावर येतो. बिलावर ‘माल गोदामातून निघाला की जबाबदारी घेणाऱ्याची’ अशा अर्थाची ओळ असेल, तर वाटेतली जोखीम तुमची आणि त्याला ट्रान्झिट विमा हवा. गाठ फाटलेली, भिजलेली आली तर बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, तसा शेरा लिहूनच सही करा. ‘माल चांगल्या स्थितीत मिळाला’वर सही केलीत तर पुढचं भांडण अवघड. ट्रान्सपोर्टवाल्याला लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत जायला हवी. नाही गेली तर त्याच्यावर दावा करता येत नाही आणि विमा कंपनीही तेच कारण पुढे करते.

सर्व्हेअर माल कसा मोजतो

सगळं जळून गेलेलं असताना माल किती होता हे सर्व्हेअर राखेवरून ठरवत नाही. तो कागदावर व्यापारी खातं मांडतो. ३१ मार्चचा शिल्लक माल १८ लाख. एप्रिलपासून घटनेच्या दिवसापर्यंत खरेदी ४२ लाख. विक्री कर वगळून ५० लाख. मागच्या दोन-तीन वर्षांचा ढोबळ नफा २४ टक्के, म्हणजे विकलेल्या मालाची मूळ किंमत ३८ लाख. १८ अधिक ४२ वजा ३८, म्हणजे दुकानात २२ लाखांचा माल होता.

आता बँकेला दिलेलं त्या महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट निघतं आणि त्यात ३० लाख लिहिलेले असतात, कारण लिमिट टिकवायचं होतं. एकाच दुकानदाराने एकाच महिन्यात दोन आकडे दिलेले दिसले की पुढे प्रत्येक कागदाकडे संशयानेच पाहिलं जातं. बिलाशिवाय आणलेला माल तर या हिशेबात उभाच राहत नाही. आणि जुना माल, साइझ तुटलेले लॉट, दोन दिवाळ्या पाहिलेले ड्रेस मटेरियल यांवर सर्व्हेअर घट लावतो. खरेदीची तारीख टॅगवर किंवा सॉफ्टवेअरमध्ये असेल तर ही घट त्या मालापुरती राहते; नसेल तर ती सरसकट लागते.

म्हणून खरेदी बिलं, जीएसटी रिटर्न, बिलिंगच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप हे दुकानाबाहेर असायला हवं. दर महिन्याला रॅकनिहाय व्हिडिओ काढून ईमेलवर टाकायला वीस मिनिटं लागतात.

घटना घडल्यावर

त्याच दिवशी कंपनीला फोन आणि ईमेल, दोन्ही. आग असेल तर अग्निशमन दलाचा दाखला, चोरीत एफआयआर, पुरात तलाठ्याचा पंचनामा. नियमाप्रमाणे कंपनीने २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा असतो.

भिजलेला माल तसाच ढिगात ठेवू नका. दोन दिवसांत बुरशी धरते आणि काळजी न घेतल्याने वाढलेलं नुकसान कंपनी देत नाही. पांढरा आणि रंग जाणारा माल आधी वेगळा करा, सुका माल दुसऱ्या जागी हलवा, ओला पसरून वाळवा. धुवायला पाठवायचा असेल तर सर्व्हेअरला ईमेल करून मगच. फेकायचं काही नाही. नगरपालिकेने चिखल आजच काढा म्हटलं, तर रॅक क्रमांक, मालाचा प्रकार, नग आणि खरेदीचा भाव अशी यादी करून, फोटो काढून, निदान टॅग आणि प्रत्येक प्रकारातला एक नग पिशवीत बांधून ठेवा. धुराचा वास लागलेल्या मालाला सर्व्हेअर भंगारमूल्य लावतो आणि तेवढं क्लेममधून कापतो. तो भाव तुम्हाला जास्त वाटत असेल तर दोन लॉटवाल्यांचे लेखी भाव आणून द्या. तोंडी हुज्जतीने तो बदलत नाही.

अहवाल आला की त्याची प्रत मागा आणि व्यापारी खात्याचा प्रत्येक आकडा आपल्या सीएकडून जुळवून घ्या. ढोबळ नफ्याचा टक्का चुकला की अख्खा क्लेम हलतो: वरच्या उदाहरणात २४ ऐवजी २० टक्के धरले तर माल २२ वरून २० लाखांवर येतो. रक्कम मान्य नसेल तर पावतीवर सही करतानाच ‘हरकत राखून’ असं लिहा आणि त्याच दिवशी ईमेल करा. आधी कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे जायचं. तिथे नकार आला किंवा महिनाभरात उत्तर नाही, तर विमा लोकपालाकडे. एकल मालकीचं दुकान आणि सूक्ष्म उद्योग दोघांनाही ही वाट खुली आहे, मर्यादा ५० लाखांची, फी नाही, मुदत एक वर्ष. कंपनीचं नकाराचं पत्र जपून ठेवा, लोकपालाकडे पहिल्यांदा तेच लागतं.