अजिंक्यतारा नंतर, आधी कमरेचं माप: मेटॅबॉलिक सिंड्रोम असेल तर या चुका टाळा

पाऊस उघडला की साताऱ्यात अजिंक्यतारा किल्ल्याच्या डोंगरावर, चार भिंतीच्या वाटेवर पहाटे नवे बूट दिसू लागतात. पंधरा-वीस दिवसांत गर्दी ओसरते. यायचं का थांबवलं म्हणून विचारलं, तर बहुतेकांचं उत्तर एकच: "वजन काही हललं नाही हो." याचं मला फार वाईट वाटतं. काटा हलायच्या आधीच शरीर सुधारायला लागलेलं असतं आणि नेमका तेव्हाच माणूस घरी बसतो.

फक्त काट्याकडे बघणं ही सगळ्यात मोठी चूक. मेटॅबॉलिक सिंड्रोम, म्हणजे मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींची जुळणी, पाच गोष्टींवरून ठरतो, त्यांत वजन नाहीच. आपल्याकडे पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर, बायकांची ८० किंवा जास्त; ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) १५० किंवा जास्त; एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) पुरुषांत ४०च्या, बायकांत ५०च्या खाली; बीपी १३०/८५ किंवा वर; उपाशीपोटी साखर १०० किंवा वर. यातल्या तीन जुळल्या की निदान झालं. नियमित चालण्याने पोटाच्या आतली चरबी उतरते, पण काटा कधीकधी तिथेच अडून राहतो. म्हणून महिन्यातून एकदा टेप घ्या. श्वास सोडा आणि शेवटची बरगडी व कमरेचं हाड यांच्या मधोमध मोजा. पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे. पट्टा आपण पोटाखाली बांधतो.

दुसरी चूक टू-डी इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टबाबतची. "पंपिंग ६० टक्के, हृदय एक नंबर" म्हणून तो कपाटात जातो. त्यातच कधीकधी एक ओळ असते, 'ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन'. हृदय आकसून रक्त ढकलतं, तसंच सैल पडून भरूनही घेतं. बीपी, साखर, पोटाची चरबी यांनी डावी जवनिका, म्हणजे हृदयाचा शरीराला रक्त ढकलणारा कप्पा, ताठ होत गेली की हे भरणं अडतं. बसल्या जागी काही कळत नाही, यवतेश्वरचा घाट चढताना मात्र धाप लागते. वयाबरोबरही ही ओळ येते, तेव्हा घाबरू नका, पण डॉक्टरांना तिचा अर्थ विचारा.

हा ताठपणा कमी होऊ शकतो. अमेरिकेत डॅलसच्या संशोधकांनी बैठी सवय असलेल्या, पण निरोगी अशा ४५ ते ६४ वयाच्या लोकांकडून दोन वर्षं व्यायाम करून घेतला, आठवड्यातून चार-पाच दिवस. त्यांची जवनिका लवचिक झाली, असं २०१८ साली छापून आलं. दोन वर्षं! आणि आपण तिसऱ्या आठवड्यात बूट काढून ठेवतो.

रविवारी दणकून अजिंक्यतारा आणि सहा दिवस खुर्ची, हेही नको. सोबत्याशी बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतक्या वेगाने आठवड्याला १५० मिनिटं चाला. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनचे २१ किलोमीटर तिथून फार लांब आहेत, घाई करू नका.

रात्रीचं जेवण तोडून वजन उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात. मटकी, अंडी, ताक ठेवा. साखरेचा चौथा चहा आणि येता-जाता तोंडात टाकलेला कंदी पेढा सोडा. आठवड्यातून दोन दिवस उठाबशा किंवा वजनं. ८० किलोच्या माणसाचे चार किलो उतरले, तरी बीपी-साखरेत फरक दिसू लागतो.

चालणं सुरू झालं म्हणून गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. इन्सुलिन किंवा साखरेच्या काही गोळ्या चालू असतील तर व्यायामात साखर एकदम उतरू शकते. दरदरून घाम, हाताला कंप, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच साखर तोंडात टाका. खिशात पुडी असू द्या.

चढावर छातीत दडपण आलं, जबडा किंवा डावा हात भरून आला, तर "पित्त असेल" म्हणून सोडा पीत बसू नका. तिथेच खाली बसा आणि सोबत्याला १०८ लावायला सांगा.