मॅकिंटॉश एसई/३०: गळके कपॅसिटर बदलताना पॅड कसे वाचवाल

१९८९ ते १९९१ या काळात विकल्या गेलेल्या अ‍ॅपलच्या एसई/३० कॉम्प्युटरच्या लॉजिक बोर्डावर, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डावर, चंदेरी डब्यांसारखे छोटे सरफेस-माउंट कपॅसिटर ‘पॅड’ नावाच्या तांब्याच्या छोट्या पट्ट्यांवर सोल्डर करून बसवलेले आहेत. त्यांतला एकही आज भरवशाचा उरलेला नाही. आवाज बारीक होतो किंवा पूर्ण जातो, पडद्यावर नुसत्या पट्ट्या दिसतात, मशिन कधी चालू होतं तर कधी नाही. सगळं ठीक चाललं असलं तरी कपॅसिटर बदलाच. गळलेलं इलेक्ट्रोलाइट (कपॅसिटरमधलं द्रव) बोर्डावरचं तांबं खात राहतं आणि मशिन बंद ठेवल्याने ते थांबत नाही.

केस उघडताना पिक्चर ट्यूबपासून जपा. प्लग काढला तरी तिच्यात उच्च दाबाचा चार्ज उरलेला असू शकतो. चासीला वायरने जोडलेला, इन्सुलेटेड मुठीचा स्क्रूड्रायव्हर अ‍ॅनोडच्या (ट्यूबला उच्च दाबाची वायर जोडलेली असते त्या जागेच्या) रबरी टोपीखाली सरकवून तो चार्ज उतरवा. ट्यूबची मान काचेची आणि नाजूक असते, तिला धक्का लागू देऊ नका. मग बोर्ड बाहेर काढा, ३.६ व्होल्टची लिथियम बॅटरी काढा आणि दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो घ्या. प्रत्येक कपॅसिटरचा क्रमांक, मूल्य आणि धन टोक लिहून ठेवा. बहुतेक सरफेस-माउंट कपॅसिटर ४७ मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचे असतात. सी११ मात्र १ मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा असतो. आडवे, दोन्ही टोकांना पाय असलेले मोठे कपॅसिटर वेगळे मोजा.

यानंतर लगेच सोल्डरिंग आयर्न हातात घ्यायचा मोह होतो. तो आवरा आणि आधी बोर्ड धुवा. कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचे थेंब आणि मऊ टूथब्रश पुरे. नंतर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बोर्ड पूर्ण सुकवा. इलेक्ट्रोलाइट बसलेलं सोल्डर राखाडी, निस्तेज होतं. त्यात उष्णता नीट शिरत नाही, म्हणून माणूस आयर्न जास्त वेळ दाबून धरतो आणि पॅडखालचा गोंद सुटतो. बहुतेक पॅड असेच जातात. धुतलेल्या बोर्डावरही गरम करताना माशासारखा वास आला तर समजा की खाली अजून गळती आहे. खिडकी उघडी ठेवा.

कपॅसिटर काढायला दोन आयर्न सर्वांत सुरक्षित. दोन्ही टोकांना फ्लक्स (सोल्डर नीट पसरायला मदत करणारा पदार्थ) आणि थोडं नवं ६३/३७ (कथील-शिसं) सोल्डर द्या, ३२० ते ३५० अंश सेल्सिअसवर दोन्ही बाजू एकदम वितळवा आणि कपॅसिटर अलगद उचला. ऋण टोक बहुतेकदा ग्राउंडच्या मोठ्या तांब्याला जोडलेलं असल्याने तिकडे थोडी जास्त उष्णता लागते. कपॅसिटर पकडीत धरून, पिळून तोडून काढायची पद्धत अनेकजण सुचवतात. पॅड निरोगी असतील तर ती चालते, पण गंजलेल्या बोर्डावर तो जुगार आहे. हॉट एअरने कपॅसिटर फुटू शकतो आणि शेजारचं प्लास्टिक वितळतं.

उरलेलं सोल्डर विकने (सोल्डर शोषून घेणाऱ्या तांब्याच्या जाळीदार फितीने) काढताना विक पॅडवर ठेवून गरम करा आणि सरळ वर उचला. पॅडवरून ओढाल तर पॅड विकसोबत येईल.

नवीन म्हणून टँटलम प्रकारचे (द्रव नसलेले) कपॅसिटर बसवले तर पुन्हा गळतीची चिंता नाही, पण दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यावरची काळी खूण ऋण टोक दाखवते, टँटलमवरची पट्टी धन टोक. उलटा लागलेला टँटलम पेट घेऊ शकतो. ५ व्होल्टच्या लाइनवर १६ व्होल्टचा चालतो, १२ व्होल्टच्या लाइनवर किमान २५ व्होल्टचा घ्या. विक आणि फ्लक्स मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत मिळतील.

पॅड उचकटला असेल पण ट्रॅक (पॅडपासून निघणारी तांब्याची रेघ) शाबूत असेल, तर खाली इपॉक्सीचा बारीक थेंब सोडून दाबून सुकवा. पॅड पूर्ण गेला असेल तर मल्टिमीटरच्या बझरने आणि सर्किट डायग्राम पाहून तो कुठे जात होता ते आधी शोधा. मग ट्रॅकवरचा हिरवा थर फायबरग्लास पेनने किंवा स्कॅल्पेलने २-३ मिलिमीटर खरवडा, चमकदार तांब्यावर सोल्डर चढवा आणि ३० गेजची वायर तिथून थेट कपॅसिटरच्या टोकाला आणा. ऋण टोक ग्राउंडलाच जात असेल तर शेजारचं ग्राउंडचं तांबं खरवडलं तरी काम होतं. तुटलेल्या वायामधून (बोर्डाच्या दोन बाजू जोडणाऱ्या छिद्रातून) बारीक वायर ओवून दोन्ही बाजूंना सोल्डर करा. शेवटी यूव्ही सोल्डर मास्क (अतिनील प्रकाशात कडक होणारा हिरवा लेप) लावून यूव्ही दिव्याखाली कडक करा, नाहीतर वायर हलून जोड तुटेल.

चालू करण्याआधी फ्लक्स अल्कोहोलने धुवा आणि ५ व्होल्ट व ग्राउंडमध्ये शॉर्ट नाही याची खात्री करा. बझर वाजला तर आधी उलटा बसलेला कपॅसिटर आणि सोल्डरचा पूल शोधा. सगळं सुरू होऊनही आवाज येत नसेल, तर सोनीच्या साउंड चिप्सचे पाय आणि त्यांच्याकडे जाणारे ट्रॅक तपासा. इलेक्ट्रोलाइट त्यांच्या खालपर्यंत पोहोचलेलं असतं आणि वरून काही दिसत नाही.